कोरड्या पायऱ्या

२ जून २०१५

ती. ताईस,

वाकून नमस्कार. तुझे गुडघे वाकत नाहीत, तेव्हा माझे तरी वाकू देत.

गेल्या आठवड्यात फोनवर भावोजींना म्हटलं होतं, ताईला सांगा, नदीची मोजणी करायची आहे, तुझी मदत हवी. त्यांनी तो निरोप तुझ्या कानात कसा ओतला कोण जाणे, पण काल पार्सल आलं आणि त्यातून लोकरीचे मोजे निघाले, दोन जोड. मोजे छान आहेत, ऑफिसात सगळ्यांना दाखवले. पण मला मोजे नको होते गं, मोजणी हवी होती. म्हणून आता पत्र.

आमच्या नगररचना कार्यालयाची तऱ्हा तुला माहीत आहे. वीस वर्षांचा आराखडा करायचा, जाड शाईनं रेषा मारायच्या, आणि वीस वर्षांनी बघावं तर शहर भलतीकडेच गेलेलं. मी आयुष्यभर हेच केलं. नदी पुढे कशी वागेल हे आता कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून ह्या वेळी भांडून वेगळा आराखडा मंजूर करून घेतलाय. 'असं होणार' हे त्यात कुठेच नाही. असं झालं तर हे करू, नाही झालं तर ते करू, एवढंच. साहेब त्याला 'जर-तरचा आराखडा' म्हणतात आणि हसतात. हसू देत.

पण त्यासाठी नदीवर रोज कुणाचं तरी लक्ष हवं. वरच्या पुलावर मोजपट्टी आहे, तुमच्या वळणावर नाही, आणि तिची मंजुरी कुठल्या टेबलावर झोपली आहे कळत नाही. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी नदीत उतरणाऱ्या बावीस पायऱ्या आहेत. रोज सकाळी वरून किती पायऱ्या कोरड्या आहेत तेवढं टिपून ठेवायचं आणि आठवड्याला एक कार्ड टाकायचं. करशील?

तुझा,
खोड्या


११ जून

चि. खोड्यास,

आशीर्वाद भरपूर, राग थोडा. लहानपणी कागदाला भोक पडेपर्यंत खोडत बसायचास म्हणून तुला खोडरबर म्हणायचो, त्याचं खोड्या झालं. आता एवढा मोठा साहेब झालास तरी बहिणीच्या खोड्या काढणं सुटलं नाही. मी बहिरी आणि हे आंधळे. दोघांत मिळून एक धड माणूस होतं, त्याच्याकडून होईल तेवढं होईल.

पायऱ्या मी मोजत नाही, गुडघे नाही म्हणतात. हे मोजतात. डोळे गेल्यापासून सकाळी कठडा धरून पाण्याला पाय लागेपर्यंत उतरायचं आणि परत यायचं, एवढाच त्यांचा फेरफटका. दारापासून पायऱ्यांपर्यंत चौतीस पावलं, मधे डाव्या हाताला शिंप्याचा ओटा. सगळं पाठ. घरात कुणी खुर्ची वीतभर सरकवली तरी घर डोक्यावर घेतात. मी चहाचं आधण ठेवते, हे जाऊन येतात, तेवढ्यात चहा होतो. मग दारातूनच बोटांवर आकडा दाखवतात. तोंडानं सांगितला तर मी भलतंच काहीतरी लिहीन ना.

ह्या आठवड्याचे आकडे: सतरा, सतरा, सोळा, सोळा, पंधरा, सोळा, पंधरा.

ह्याचं तू करणार काय ते लिही. हे सारखं विचारतात. सकाळी बोटं दाखवताना ऐट अशी, जणू अख्खं शहर ह्यांच्याच पायांवर उभं आहे. बारा वर्षांत कुणी त्यांना एक काम सांगितलं नव्हतं रे. बरं केलंस.

तुझी,
ताई


२० जून

ती. ताईस,

नमस्कार. भावोजींना सांग, त्यांचे आकडे मी स्वतः नकाशावर भरतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

ह्याचं करणार काय, ते तुझ्यापासून लपवत नाही. एका पावसाळ्यात दहा दिवस कोरड्या पायऱ्या नऊपेक्षा कमी भरल्या, तर खालची गल्ली राहण्याजोगी उरली नाही असं धरायचं. मग पुढच्या पावसाळ्याआधी गल्लीतली सगळी एकोणीस घरं टेकडीवर हलवायची. तिथे जागा राखून ठेवली आहे. आणि तसं झालं नाही, तर गल्लीला हात लावायचा नाही, उलट छपरं, गटारं, भिंती, सगळं दुरुस्त करून द्यायचं. आधीच्या आराखड्यात मीच तुमच्या गल्लीवर 'हलवणे' असा शिक्का मारला होता, आठवतं? तेव्हापासून तिथे कुणाला खिळा ठोकायची परवानगी नाही. गल्ली ना धड हलली, ना धड राहिली. निदान आता नदीला विचारून ठरवू.

टेकडीवरची घरं चांगली आहेत. पण भावोजींचं काय होईल हे मला कळतं. इथे त्यांना दिसतं म्हटलं तरी चालेल. तिथे ते पुन्हा पहिल्या दिवसाइतके आंधळे होतील. म्हणून सांगतो, हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस. आकडा पाठवत जा, बस.

खोड्या


२९ जून

चि. खोड्या,

तुला अक्कल कधी येणार? वाचून दाखवू नकोस हे कुणी पत्राच्या शेवटी लिहितं? तुझं पाकीट आलं की मी दारात बसून मोठ्यानं वाचत जाते, हे ऐकत जातात. इतकी वर्षं हेच चालत आलंय. आणि माझं मोठ्यानं म्हणजे शिंप्याच्या मशीनच्या वर ऐकू जाईल इतकं, कारण मला स्वतःचं ऐकू येत नाही. तर सगळं वाचून झालं. 'हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस' तेही ठणठणीत आवाजात वाचलं.

हे जोरात हसले. मग माझ्या हातावर बोटानं 'नऊ' काढून विचारलं, नऊच ना? मी म्हटलं, हो, नऊच.

काळजी करू नकोस, काही मनाला लावून घेतलेलं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे गेले. आकडे: तेरा, बारा, तेरा, अकरा, अकरा, दहा, अकरा.

ताई


१३ ऑगस्ट

ती. ताईस,

तुझी सगळी कार्डं मिळाली. गेले पाच आठवडे आकडे दहा आणि अकराच्या मधे आहेत. बहुतेक दहाच. इकडे वरच्या पुलावर पाणी एवढ्यात दोन हात चढलं आणि एक हात उतरलं. तुमच्या वळणावर पात्र रुंद आहे, त्यामुळे इतका फरक दिसणार नाही हे मान्य, पण मुळीच नाही? भावोजी मोजताना चुकत तर नाहीत ना? एखाद्या दिवशी शेजारच्या कुणाला तरी बघायला सांग. नाहीतर मीच येऊन जातो.

खोड्या


२१ ऑगस्ट

चि. खोड्यास,

तुझं पत्र ह्या वेळी आधी मनात वाचलं आणि मग त्यांना थोडक्यात सांगितलं. तरी दुखायचं ते दुखलंच. म्हणाले, डोळ्यांवर कुणी विश्वास ठेवला नाही ते समजू शकतो, आता पायांवरही नाही का? दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. बोलले असते तरी मला कुठे ऐकू आलं असतं, पण ओठ हलत नव्हते.

शेजारचं कुणी बघायला पाठवायचं नाही, हे माझं सांगणं. तुझे भावोजी चाळीस वर्षं तारखात्यात होते, एक शब्द कधी इकडचा तिकडे केला नाही. तपासायला येणार असशील तर येऊ नकोस. भेटायला ये.

आकडे: दहा, दहा, दहा, अकरा, दहा, दहा, दहा.

ताई


६ नोव्हेंबर

ती. ताईस,

माफ कर. भावोजींचेही पाय धरले म्हणून सांग.

पावसाळा संपला, निकाल लागला. नऊच्या खाली एकही दिवस नाही. तुमच्या गल्लीवरचा शिक्का मी आज माझ्या हातानं खोडला. नावाला जागलो बघ. दुरुस्तीची माणसं फेब्रुवारीत येतील. साहेबांनी पहिल्यांदा पाठीवर थाप मारली, म्हणाले, चालतंय की तुमचं जर-तर. पुढच्या वर्षीही मोजायचं आहेच, पण आता जीव भांड्यात पडला. तुला सांगतो, गल्ली हलवायची वेळ आली असती तर त्या कागदावर सही करायला माझा हात धजला नसता.

खोड्या


१९ जुलै २०१६

चि. खोड्यास,

घर बघशील तर ओळखणार नाहीस. छप्पर नवं, मागची भिंत नवी, शिंप्यानं ओट्याला फरशी बसवली. वीस वर्षं 'आज ना उद्या जायचंच आहे' म्हणत माणसं रंगसुद्धा देत नव्हती, आता सगळीकडे ठोकाठोक चालली आहे. दोन घरांनी तर वर खोल्या चढवल्या. हे सगळ्यांची ठोकाठोक ऐकत ओट्यावर बसतात आणि कुठे काय चाललंय ते मला सांगतात.

ह्यांची तब्येतही सुधारली म्हणायची. गेल्या वर्षी चहा होईपर्यंत जाऊन यायचे, आता पाण्याला उकळी फुटायच्या आत दारात हजर. मी म्हटलं, म्हातारपणी पाय तरणे झाले की काय! तर नुसते हसतात आणि दोन्ही हात उघडून दाखवतात. दहा.

आकडे सगळे दहाच आहेत. एकदाच लिहिते, सात वेळा लिहीत नाही. तू येणार येणार म्हणून वर्ष झालं.

ताई


९ सप्टेंबर

ती. ताईस,

कालच परत येऊन पोचलो. तुला एकटं सोडून यायचं नव्हतं, पण तूच 'जा' म्हणालीस. ते दहा दिवस तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मी काही विचारलं नाही.

ऑफिसात आलो तर टेबलावर तुझं कार्ड पडलं होतं. भावोजी गेले त्याच्या आदल्या दिवशीचं. 'कोरड्या पायऱ्या दहा.' त्यांना पोचवून आलो, सगळं आटोपलं, आणि त्यानंतर ते मला मिळालं. इथे सगळे म्हणतात, वरच्या धरणातून एकदम पाणी सोडलं, एका रात्रीत सहा पायऱ्या चढल्या, अशाला कोण काय करणार. मीही सगळ्यांना तेच सांगतो आहे.

तू खातेस ना वेळेवर? उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

खोड्या


२४ सप्टेंबर

खोड्या,

एका रात्रीत सहा पायऱ्या चढल्या नाहीत.

होडीवाला भेटायला आला होता. हातात हात घेऊन रडला आणि काहीतरी बोलत होता. मी पाटी पुढे केली, म्हटलं, लिही बाबा, मला ऐकू येत नाही. त्यानं लिहिलं, 'मी त्यांना रोज म्हणायचो, पाणी वर आलंय, उतरू नका.' मी विचारलं, वर म्हणजे कुठे? त्यानं लिहिलं, 'महिना झाला होडी सहाव्या पायरीच्या कडीला बांधतोय. त्या दिवशी ते चौथीवर उभे होते. लाट आली आणि कठड्यावरचा हात सुटला.' त्याला वाटत होतं मला सगळं माहीत आहे.

महिनाभर सहा. आणि मी तुला दहा लिहीत होते. म्हणूनच उकळी फुटायच्या आत परत येत होते. दहा उतरून दहा चढायला जो वेळ लागतो तो सहाला कसा लागेल? पाय तरणे झाले म्हणे. मी मेली तुला गंमत म्हणून लिहीत होते.

काल त्यांची गादी उन्हात टाकली. खाली सुतळीचे दोन गुंडे निघाले. आधी वाटलं, काहीतरी बांधायला ठेवली असेल. मग हाताला गाठी लागल्या. कुठे दहा-बारा, कुठे पाच-सहा गाठी, मग वीतभर मोकळी, पुन्हा गाठी. असं शेवटपर्यंत. रोजचा खरा आकडा. तोंडानं, म्हणजे बोटांनी, मला खोटं सांगायचे आणि नंतर बसून खऱ्या आकड्याच्या गाठी मारायचे. गेल्या वर्षीच्या गुंड्यात नऊपेक्षा कमी गाठींचे दिवस मी तीनदा मोजले. सतरा दिवस. आपली गल्ली गेल्या वर्षीच हलायला हवी होती, खोड्या. यंदाच्या गुंड्याच्या अगदी शेवटी, जिथे दोरी संपते, तिथे सहा गाठी आहेत. त्या त्यांच्या हयातीतल्या शेवटच्या गाठी.

एवढं आयुष्य तारखात्यात घालवलेला माणूस. खोटा निरोप दिला, पण खरा जपूनही ठेवला. कुणासाठी ठेवला? मी शोधीन म्हणून? की खोटं सहन होत नव्हतं म्हणून? आता विचारायचं कुणाला.

दोन्ही गुंडे सोबत पाठवत आहे. तुझ्या कागदांत लाव. त्याच संध्याकाळी पाणी सगळ्या पायऱ्या ओलांडून गल्लीत आलं. शिंप्याच्या घरात छातीएवढं शिरलं, त्याची नवी फरशी उखडली, त्याच्या बायकोचा पाय मोडला. अकरा घरांत पाणी होतं. सगळ्यांनी आमच्या दहावर विश्वास ठेवून घरांत पैसा घातला होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकत नाही.

ताई


३ ऑक्टोबर

ताई,

गुंडे मिळाले. दार लावून घेऊन डोळे मिटले आणि बोटांनी मोजले. सतराच आहेत.

आता माझं ऐक. आराखड्यात एक नियम मी स्वतः लिहिला आहे. पुलावरचे आकडे आणि गल्लीतले आकडे जुळत नसतील तर कार्यालयातल्या माणसानं जागेवर जाऊन डोळ्यांनी बघायचं आणि मगच रकान्यात सही करायची. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आकडे जुळत नव्हते. मला दिसत होतं. मी तुला पत्र लिहिलं, तू रागावलीस, आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, ताई. कारण आता जायचं टाळायला मला कारण मिळालं. मी रकान्यात लिहिलं, 'जुळते'. सही केली. पाच आठवडे, पाच वेळा 'जुळते'. यंदा तू लिहिलंस की भावोजी उकळी फुटायच्या आत परत येतात. ते वाचून माझा हात थांबला होता. पायऱ्या आणि वेळ यांचा हिशेब मला कळत नाही असं नाही. पत्र घडी करून खणात टाकलं.

भावोजींनी खोटं सांगितलं, पण त्यांना त्यांचं घर वाचवायचं होतं. मला काय वाचवायचं होतं? सही करायला लागू नये, एवढंच. नदीला विचारून ठरवू म्हणालो, आणि नदीनं उत्तर दिलं तेव्हा कान बंद केले. त्यांना मी मारलं, ताई.

गुंडे मिळाले त्याच दिवशी हे सगळं लेखी कळवलं, पत्रांसकट. आराखडा आता दुसरीकडे गेला, मी जुने नकाशे लावायच्या खोलीत बसतो. जाण्याआधी एक नवा नियम लिहून दिला. ज्याचं घर त्या आकड्यावर अवलंबून आहे, त्यानं मोजायचं नाही. तुमची गल्ली एप्रिलमध्ये हलेल.

तुला लिहायला तोंड नव्हतं. पण न लिहिणं म्हणजे पुन्हा 'जुळते' लिहिण्यासारखंच झालं असतं.

खोड्या


१८ नोव्हेंबर

खोड्या,

दीड महिना उत्तर दिलं नाही. रागावले होते. अजूनही आहे. पण तू एकट्यानं सगळं अंगावर घेतोस हेही मला खपत नाही. उकळीचं मला कळलं नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगते. कळलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा वाटलं, एवढ्यात कसे आले? वाटायचं आणि मी चहात साखर टाकायचे. मला काय वाचवायचं होतं? सकाळी बोटं दाखवतानाची त्यांची ती ऐट. बस, तेवढीच.

तुझा नवा नियम मला पटलेला नाही. ज्याचं घर नाही तो रोज सकाळी उतरेल कशाला? चार दिवस उतरेल आणि पाचव्या दिवशी घरी बसून लिहील. मोजायला दोघं ठेवा. एक ज्याचं घर आहे तो, आणि एक ज्याचं नाही तो. आणि दोघांनी एकत्र उतरायचं. जुन्या नकाशांच्या खोलीतून का होईना, कळव त्यांना.

गुडघ्यांचं म्हणशील तर आता मीच उतरते. बसत बसत, एकेक पायरी. होडीवाला बरोबर असतो. त्याचं घर पलीकडच्या काठाला आहे, म्हणजे माझा नियम पाळला जातो. त्याला आकडा तोंडानं सांगायचा असतो, मी म्हणते, बोटं दाखव.

आजच्या कोरड्या पायऱ्या अकरा. मी स्वतः मोजल्या.

ताई


७ मे २०१७

चि. खोड्यास,

टेकडीवर आलो. घर हवेशीर आहे, भिंती सरळ आहेत, नाव ठेवायला काही जागा नाही. शिंपी शेजारीच आहे. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही, पण त्याच्या बायकोनं काल माझ्या उशांना खोळी शिवून दिल्या.

पहिल्या दिवशी दारातून आत आले आणि आपोआप सगळ्या खुर्च्या भिंतीला लावल्या, वाटेत यायला नकोत म्हणून. मग लक्षात आलं. मग खाली बसले. इथे ते आले असते तर धडपडले असते, दारं शोधली असती, भिंतीवर डोकं आपटलं असतं, मला शिव्या दिल्या असत्या. वर्ष-सहा महिन्यांत इथलीही पावलं पाठ झाली असती. तेवढे दिवस मी हात धरला असता रे. एवढंच तर करायचं होतं. आपण तिघांनी एकमेकांना ते न विचारताच ठरवून टाकलं की हे जमणार नाही.

खालच्या पायऱ्यांवर आता मोजपट्टी बसवली आहे म्हणे. पांढरी, लाल आकड्यांची. मंजुरीला जाग आली असेल.

इथे घराला सहा पायऱ्या आहेत. सकाळी आधण ठेवून मी खाली उतरते आणि वर येते, सवय जात नाही. दारात आले की बोटं उचलली जातात. समोर कुणी नसतं. मग चहा उतू जातो.

आता पत्र लिहू नकोस. खूप झाली पत्रं. ये. खालून हाक मारलीस तर मला ऐकू येणार नाही, तेव्हा सहाही पायऱ्या चढून सरळ आत ये. ह्या वेळी मोजेच विणले आहेत, तूच मागितलेस असं समजून घाल. आणि तुमची मोजून झाली असेल तर येताना ती दोरी परत आण. तुमच्या खात्याला ती कागदपत्रांत लागत असेल, पण त्या गाठी त्यांनी हातानं मारल्या आहेत.

तुझी,
ताई